साहेबाच्या वेलाची उतरणी

सहा महिने आबासाहेबांच्या घरी पाण्याचा माठ चुलीशेजारी होता आणि माठाच्या जागी, माजघरातल्या थंड कोपऱ्यात, साहेबाची कुंडी होती. सोलापूरचा चैत्र ज्यानं काढला आहे, त्याला चुलीशेजारच्या माठातलं पाणी कसं लागत असेल हे वेगळं सांगायला नको. वच्छलाबाई ते पाणी रोज पीत होत्या आणि रोज नवऱ्याला ऐकवत होत्या. त्यांचं काही चुकत होतं, असं निदान आम्हाला तरी वाटत नाही.

झालं होतं असं. गिरणीचे गोरे मॅनेजरसाहेब दसऱ्याला सहा महिन्यांच्या रजेवर विलायतेला निघाले. त्यांच्या बंगल्यात सिंगापूरकडच्या रानातून आणलेला एक वेल होता. तळहाताएवढी, बदामाच्या आकाराची, मऊ मखमली पानं. असला वेल म्हणे अख्ख्या मुंबई इलाख्यात दुसरा नव्हता. त्याचा जुळा भाऊ बंगल्याच्या माळ्यानं उन्हात ठेवून मारला होता, म्हणून हा कुणाच्या हाती द्यावा या विवंचनेत साहेब होते. इकडे गिरणीतले हेडक्लार्क चैत्रात निवृत्त व्हायचे होते. आबासाहेब पुढे सरसावले.

"हुजूर, मी सांभाळतो."

"वेल अच्छा रहा, तो खुर्ची तुमारा," साहेब म्हणाले.

झालं! अठरा वर्षांची इमानी नोकरी, मोत्यासारखं अक्षर, एका दिवसाचाही खाडा नाही, सगळं राहिलं बाजूला. हेडक्लार्क कोण व्हावं हे ठरवणार कोण, तर एक झाड!

आणि झाडाचे नखरे तरी किती! त्याला उजेड हवा, पण ऊन नको. मुळाशी पाणी बेताचं, पण भोवतीची हवा ओली हवी. पानं रोज ओल्या फडक्यानं पुसायची. आबासाहेबांनी माजघराच्या दाराला वाळ्याचा पडदा लावला. नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी यायचं, त्यातली पहिली कळशी त्या पडद्यावर जायची. काथ्या गुंडाळलेल्या बांबूवरून वेल चढत चढत आढ्याला पोचला.

"सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या," वच्छलाबाई एकदा म्हणाल्या, "तेव्हा एकदा तरी त्यांचं तोंड पुसलंत का हो? आणि याची बत्तीस पानं दोन्ही वेळा पुसता!"

"अगं, हळू बोल. त्याच्यासमोर नको."

"त्याच्यासमोर नको? कोण लागून गेलाय तो? तुमचा जावई?"

आबासाहेब विलायतेला पत्र धाडत, 'हुजुरांचा वेल नऊ फूट झाला.' मग अकरा फूट. शेवटच्या पत्रात बारा.

साहेब रविवारी सकाळच्या गाडीनं यायचे होते. आदल्या दिवशी, शनिवारी, आबासाहेब गिरणीत गेले आणि करकंबहून त्यांचे कोंडीबामामा आले. कोंडीबामामांचा पानमळा होता. साठ वर्षांच्या आयुष्यातली पन्नास वर्षं त्यांनी नागवेलीत काढली होती. पानांच्या डालग्या बाजारात टाकून ते भाच्याकडे भाकरी खायला आले, माजघरात शिरले आणि थबकले.

"आरं तिच्या! ह्यो येल कुनाचा?"

"साहेबाचा आहे, मामा," वच्छलाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"आन् उतरणी कवा क्येली हुती?"

"उतरणी?"

मामांनी कपाळावर हात मारला. नागवेल आढ्याला पोचली, की तिची उतरणी करतात. खालची पानं खुडायची, वेल खाली उतरवायचा, त्याचं वेटोळं करून मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. मग डोळ्याडोळ्याला नवा फुटवा येतो. पानमळ्यातल्या शेंबड्या पोराला हे कळतं, आणि गिरणीत मोठ्या बुकात लिहिणाऱ्या भाच्याला कळू नये याचा मामांना भयंकर राग आला. पानमळ्यात पायताण नेत नाहीत, म्हणून त्यांनी दाराशी काढलेलं पायताणही उंबऱ्याबाहेर फेकलं, हातपाय धुतले आणि बाह्या वर केल्या.

वच्छलाबाईंनी त्यांना अडवायला हवं होतं. पण मामेसासऱ्यांना अडवायचं कसं? शिवाय खरं सांगायचं तर त्या वेळी त्या चुलीशेजारच्या माठातलं पाणी पीत होत्या.

संध्याकाळी आबासाहेब घरी आले. येताना त्यांनी बारा फुटी वेल आडवा न करता नेता यावा म्हणून बैलगाडी ठरवली होती. माजघरात येऊन पाहतात, तर बांबू उघडा, आणि कुंडीतून वीतभर शेंडा वर आलेला. त्याला पानं तीन.

"वेल कुठाय?" त्यांनी आढ्याकडे बघत विचारलं.

"हाय की, मातीत," मामा तोंडातला तोबरा सांभाळत म्हणाले. "लई माजला हुता. बरं झालं मी आलो."

"मामा! अहो, हा नागवेल नाही!"

"ते कळलं मला. येक पान खाऊन बघितलं, अळवावानी घसा खाजला. रानटी जात हाय. पर येल त्यो येलच!"

"माझी खुर्ची गेली हो! अठरा वर्षं मातीत घातलीत तुम्ही!"

"घातली तर उगवंल की!" मामाही कडाडले. "आरं, दुपारधरनं राबतोय, च्या सुदीक इचारला न्हाईस, आन् वर माज्यावर वरडतुस?"

आबासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण करतात काय? पुरलेला वेल उकरून काढला, तर होता तो शेंडाही जायचा. दुसऱ्या दिवशी बैलगाडी परत पाठवून ते कुंडी मांडीवर घेऊन टांग्यात बसले. मामा शेजारी चढून बसले. "माज्या हातचं काम हाय. साहेबाला मीच सांगतो," असा त्यांचा हट्ट होता.

बंगल्याच्या व्हरांड्यात साहेबांनी कुंडीकडे पाहिलं, मग आबासाहेबांकडे, मग पुन्हा कुंडीकडे.

"बारा फूट किधर है?"

"जमिनीत आहे, हुजूर."

साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. ते ताडताड कुंडीजवळ आले, तोच मामा हात आडवा करून ओरडले, "हां! बूट! आबा, त्येला सांग, येलाजवळ पायताण घालून येत न्हाईत. आधी बूट काढ म्हनावं!"

आबासाहेबांनी हे साहेबांना सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. हातवारे स्पष्ट होते.

"गेट आउट!" साहेब गरजले.

"म्हैनाभर थांब म्हनावं," बाहेर ढकलले जाता जाता मामा मान वळवून म्हणाले. "फुटवा आला न्हाय, तर कोंडीबाचं नाव सांगनार न्हाय!"

त्या दिवशी मामा पाणीही न पिता करकंबला गेले. हेडक्लार्कची खुर्ची रिकामी राहिली, आणि तिच्याकडे बघवत नाही म्हणून आबासाहेब भिंतीकडे तोंड करून बसू लागले. माठ आपल्या जागी परत आला. त्या महिन्यात घरात दोनच माणसं होती. त्यांतलं एक बोलत नव्हतं आणि दुसरं थंडगार पाणी पीत होतं.

महिन्यानं बंगल्यावरून बोलावणं आलं. आता नोकरीच जाते, अशा खात्रीनं आबासाहेब गेले. व्हरांड्यात पाहतात तो काय! कुंडीत एकाचे सात वेल झालेले. लालसर, कोवळे, तरारलेले. कुंडीशेजारी घोंगडीवर कोंडीबामामा. साहेबांनी खास शिपाई धाडून त्यांना करकंबहून आणवलं होतं. आणि मामांच्या पुढ्यात गुडघे टेकून पानं न्याहाळत बसलेले साहेब. अनवाणी.

"शूज, आबासाहेब!" साहेब घाईघाईनं म्हणाले. "शूज बाहर!"

आबासाहेबांनी मुकाट्यानं बूट काढले. साहेबांनी त्यांच्या हातात हुकमाचा कागद ठेवला. ते हेडक्लार्क झाले होते.

"म्याच म्हनलं साहेबाला," मामा म्हणाले. "पोरगं अडानी हाय, पर मनानं वंगाळ न्हाय. दिऊन टाक खुर्ची."

सहा महिने! बत्तीस पानं, दोन्ही वेळा! आणि खुर्ची मिळाली ती कोंडीबाचा अडाणी भाचा म्हणून! आबासाहेब तोंड उघडणार, तोच साहेबांनी एक छोटी कुंडी त्यांच्या हातात दिली. सातांतला एक वेल. बक्षीस. "घर में रखो," साहेब प्रेमानं म्हणाले, "वोही जगा पे."

आबासाहेब घरी आले. त्यांनी आधी हुकमाचा कागद दाखवला आणि मग पाठीमागे धरलेली कुंडी पुढे केली. वच्छलाबाईंनी कुंडीकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं, आणि त्या माठासमोर मांडी घालून बसल्या.

"मिळाली ना खुर्ची?" त्या म्हणाल्या. "मग ठेवा तिच्यावर."

दुसऱ्या दिवसापासून गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीवर एक कुंडी दिसू लागली. शेजारी स्टुलावर बसून हेडक्लार्क काम करत, आणि मधूनमधून पानं पुसत. अनवाणी.