साडेचार ते साडेसहा

आमच्या शेजारच्या गांगुर्डे गार्डसाहेबांच्या घरात खोल्या तीन होत्या, होल्डर तीन होते आणि दिवा एकच होता. चाळीसचा. संध्याकाळी तो पुढच्या खोलीत लागे, ताटं वाढताना स्वयंपाकघरात आणि निजण्याआधी मधल्या खोलीत. दिवा तापलेला असे, म्हणून गार्डसाहेब तो हिरव्या झेंडीत धरून काढत. नोकरीत असताना गाड्या सोडायची हीच झेंडी. स्टुलावर चढायचं, दिव्याला झेंडी गुंडाळायची, दाबून फिरवून तो सोडवायचा आणि अंधारात पावलं मोजत पुढच्या होल्डरखाली जायचं. निघण्याआधी ते ओरडून विचारत,

"लाईन क्लियर?"

मधल्या खोलीतून त्यांच्या पत्नीचं, म्हणजे मावशींचं, उत्तर येई, "क्लियर हाय. पण वाटंत सूप ठिवलंय, ते तुडवू नका."

नाशिकच्या गंगापूर रोडच्या आत, आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. मी सकाळच्या शाळेत शिकवत असे. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि पुस्तकं. त्यामुळे भिंतीपलीकडचं हे बोलणं मला रोज ऐकू येई, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत असे.

गार्डसाहेब मनमाडहून निवृत्त होऊन आले होते. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. बोलणं सगळं रेल्वेचं. चहा उशिरा झाला की तो 'लेट', वेळेवर झाला की 'राइट टाइम'. मावशींना ते 'आमचं जंक्शन' म्हणत. "सगळ्या गाड्या तिथूनच सुटतात, बाई, आणि तिथंच येऊन थांबतात." घरातून निघताना ते एक लांब शिट्टी वाजवत आणि परत येताना कोपऱ्यावरून दोन आखूड. लोक सुरुवातीला हसले. मग त्या शिट्ट्यांवर घड्याळ लावू लागले.

मनमाडच्या क्वार्टरात विजेचे पैसे पगारातून परस्पर कापले जात. बिल नावाचा कागद त्यांनी साठीपर्यंत हातात धरलेला नव्हता. नाशिकला पहिलं बिल आलं तेव्हा ते तो कागद दोन बोटांत धरून माझ्याकडे आले.

"बाई, बत्तीस रुपये? आम्ही काय इंजिन पाळलंय का घरात? अर्ज लिहा. मीटर तपासून मिळावा."

मी 'सविनय'पासून 'आपला नम्र'पर्यंत अर्ज लिहिला. पुढे असे बरेच लिहिले. दर वेळी माणूस येई, मीटर तपासून बरोबर असल्याचं सांगे, आणि गार्डसाहेब त्याला चहा पाजून म्हणत, "बरोबर आहे म्हणता? मग पुढच्या खेपेला बघू." मीटरला काही तरी झालेलं आहे यावर त्यांची श्रद्धा होती.

मावशींना अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत. मालगाड्यांच्या डब्यांवरचे नंबर वाचून वाचून त्या शिकल्या होत्या. त्या बत्तीस रुपयांच्या बिलावर बोट ठेवून त्यांनी जाहीर केलं होतं, "ह्या आकड्याच्या म्होरं गेलं तर मी येक बी बटन दाबू द्यायची नाय." पेन्शन किती आणि तीत काय काय भागायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आणि मग मावशींचा दमा वाढला.

डॉक्टर म्हणाले, हवा खेळती ठेवा. गार्डसाहेबांनी फंडाच्या पैशातून छताचा पंखा आणला आणि मावशींच्या खाटेच्या वर बसवला. तो रात्रंदिवस चाले, थंडीतही. पंखा थांबला की मावशींना छातीवर कुणी बसल्यासारखं होई. त्याला टक् टक् असा एक आवाज होता. भिंतीतून तो माझ्या घरात येई.

मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याचं बिल?"

"रिटायर गार्डला एक पंखा माफ असतो," गार्डसाहेब म्हणाले. "रेल्वे परस्पर भरते."

मी तिथेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलांना मी बाकावर उभं करत असे.

आता अडचण अशी, की रेल्वे पंख्याचे पैसे भरत असेल तर बिल वाढायला नको. आणि बिल मावशी स्वतः हातात घेऊन पाहत. म्हणून काहीही झालं तरी तो आकडा बत्तीसच्या पुढे जाता कामा नये, यासाठी गार्डसाहेबांनी कंबर कसली. आधी विजेची शेगडी गेली. मग इस्त्री. धोतर घडी घालून गादीखाली ठेवायचं, सकाळी कडक. मग रेडिओ. बातम्या ते आमच्या खिडकीशी उभे राहून ऐकत आणि संपल्यावर "ठीक आहे" असं म्हणून जात, जणू बातमी त्यांनी मंजूर केली.

शेगडीच्या जागी सूर्य आला. मनमाडच्या जुन्या बाजारातून त्यांनी गार्डाची एक पत्र्याची पेटी मिळवली, आतून काळी रंगवली, वर काच बसवली आणि झाकणाला मावशींचा आरसा लावला. सकाळी दहाला पेटी अंगणात मांडायची आणि ऊन सरकेल तशी फिरवायची. भात साधारण वेळेवर येई. डाळीचं मात्र काही खरं नसे.

"तूरडाळ म्हणजे मालगाडी, बाई. कुठं उभी राहील सांगता येत नाही."

एका ढगाळ दिवशी दुपारी तीन वाजता त्यांनी भिंतीवरून कच्ची डाळ माझ्याकडे दिली. "ही तुमच्या लाईनवरून काढा. आमची बंद आहे." त्यांच्या रेशनच्या रॉकेलचा डबा मावशींचं औषधाचं पाणी तापवण्यासाठी राखून ठेवलेला असे. त्यातलं ते स्वतःच्या चहालाही घेत नसत.

त्यात दर वाढू लागले. एकदा वाढले, स्वयंपाकघरातला दिवा गेला. पुन्हा वाढले, पुढच्या खोलीतला गेला. राहिला तो झेंडीतला एक. गार्डसाहेब अंगणात बसून दाढी करत, रस्त्याच्या खांबाच्या उजेडात पायरीवर बसून जेवत. बुद्धमूर्तीपुढे मात्र दोन मेणबत्त्या रोज लागत. मी एकदा म्हटलं, "गार्डसाहेब, त्या उजेडात वाचत का नाही?"

"ती वंदनेची आहे, बाई," ते म्हणाले. मला माझीच लाज वाटली.

वाचण्यासाठी त्यांनी वाचनालय शोधून काढलं होतं. फुकट पेपर, फुकट उजेड. रोज साडेचारला लांब शिट्टी, साडेसहाला दोन आखूड. रविवारी वाचनालय बंद, म्हणून रविवारी घरी. त्या दोन तासांत मावशींपाशी कुणी तरी असावं म्हणून मी वह्यांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या खाटेजवळ बसत असे.

एके दिवशी लांब शिट्टी कोपऱ्यावर विरली आणि मावशी म्हणाल्या, "बाई, पंखा थांबव."

मला वाटलं थंडी वाजली.

"थंडी नाय. थांबव तू. बटन वर हाय, माझा हात पुरत नाय."

"अहो पण मावशी, त्याचे पैसे तर रेल्वे..."

मावशी हसल्या. हसताना त्यांना धाप लागली. "रेल्वेनं आजवर कुणाला फुकट वारा घातलाय? आगं, माझ्यापायी समदं घर आंधारात घातलं त्यानं. पायरीवर बसून जेवतो, भिकाऱ्यावानी. दोन घंटे पंखा थांबला तर एक दिवा तरी आणंल."

"त्यांना सांगते मी."

"सांगशील तर ह्या घरात पाऊल ठिवू नको."

मी पंखा थांबवला. त्या दिवसापासून रोजचं ठरलं. त्या धापा टाकत, मी एका हाताने शुद्धलेखन तपासत असे आणि दुसऱ्या हाताने पाचवी ब-च्या वहीने त्यांना वारा घालत असे. फार गुदमरलं तर मी उठून बटणाकडे जाई, आणि त्या खाटेची कड बोटांनी वाजवून मला परत बसवत. दोन आखूड शिट्ट्या ऐकू आल्या की मी धावत जाऊन पंखा लावत असे. एकदा तो पुरता वेगात आला नव्हता तोच गार्डसाहेब दारात उभे. त्यांनी वर पाहिलं.

"व्होल्टेज कमी दिसतंय."

"व्हय," मावशी डोळे मिटून म्हणाल्या. "आर्ज लिवा."

पुढे दर पुन्हा वाढले, तरी बिल बत्तीसवरच राहिलं. गार्डसाहेब तो कागद झेंडीसारखा हलवत माझ्याकडे आले. "बघा बाई! याला म्हणतात कंट्रोल!" दुसरा दिवा काही त्यांनी आणला नाही. मावशींनी कपाळावर हात मारला. पण साडेचारचं वेळापत्रक त्यांनी मोडलं नाही. मला दोघांचंही गुपित माहीत होतं आणि दोघांनाही मी ते सांगितलं नाही. हे शहाणपण होतं की भित्रेपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशी फेब्रुवारीत गेल्या. सकाळी, चहाच्या आधी. पंखा चालू होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी पोहोचल्यावर पहिल्यांदा वर पाहिलं होतं.

पुण्यानुमोदनाला मनमाडहून बरीच माणसं आली. लेक नांदगावला दिलेली होती. ती म्हणाली, "अण्णा, चला माझ्याकडं." ते म्हणाले, "माझी ड्यूटी इथं आहे." ती रडत परत गेली. दिवा पूर्वीसारखाच तीन खोल्यांतून फिरत राहिला, फक्त आता "लाईन क्लियर?" असं कुणी विचारत नव्हतं. वाचनालयही सुटलं. दिवसभर ते घरातच असत. आणि भिंतीतून टक् टक् येत राही. रिकाम्या खाटेवरचा पंखा त्यांनी बंद केलेला नव्हता. मी त्याबद्दल विचारलं नाही. माझ्या घरातही एका खुंटीवर यजमानांचा कोट ते गेल्यापासून टांगलेलाच होता.

एप्रिलमध्ये बिल आलं. ते कागद घेऊन माझ्या दारात उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढलेला होता.

"बाई, अर्ज लिहा. आता मात्र मीटर पकडला मी. पस्तीस रुपये! दर वाढलेला नाही. दिवा तोच, पंखा तोच. घरातलं माणूस कमी झालं आणि बिल वाढलं? हा कुठला न्याय?"

मी कागद घेतला. टाक उचलला. 'सविनय' लिहिलं. पुढे हात चालेना. मीटर बरोबर होता. तो पहिल्यापासून बरोबर होता.

"काय झालं? लिहा ना."

"गार्डसाहेब, बसा जरा."

मी सांगितलं. पंखा कोण थांबवत होतं आणि का, एवढंच. ते खुर्चीच्या कडेवर ताठ बसून ऐकत होते, एखाद्या अपघाताचा जबाब ऐकावा तसे.

"दोन तास?"

"हो. साडेचार ते साडेसहा."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असायचा."

"आणि धाप लागायची तेव्हा?"

"मी वारा घालत होते. वहीनं."

मग ते म्हणाले, "म्हणजे रेल्वेचं तिला माहीत होतं."

"पहिल्यापासून."

त्यांनी बिलाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "मला वाटलं, कंट्रोल माझा होता," ते म्हणाले. उठताना त्यांनी टेबलावरचा अर्धा अर्ज माझ्याकडे सरकवला. "हा राहू द्या. मीटर बरोबर आहे."

मला वाटलं, ते आता माझ्याशी बोलणार नाहीत. तसा त्यांना हक्क होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वह्या तपासत बसले होते. साडेचारला भिंतीतली टक् टक् मंदावली आणि थांबली. माझ्या हातातली लेखणीही थांबली. मी खिडकीत गेले. गार्डसाहेब बाहेर येऊन पायरीवर बसले होते. पेपर नाही, काही नाही. एप्रिलचं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर होतं. ते तसेच बसून राहिले, घामाने सदरा पाठीला चिकटेपर्यंत. मी पाणी नेऊन दिलं. त्यांनी तांब्या घेतला आणि बाजूला ठेवला.

साडेसहाला त्यांनी खिशातून शिट्टी काढली. दोन आखूड शिट्ट्या वाजवल्या, उठले आणि आत गेले. थोड्या वेळाने भिंतीतून टक् टक् ऐकू येऊ लागली. आधी सावकाश, मग नेहमीसारखी.

पुढे ते होते तोवर हे रोज चाललं. रविवारी मात्र पंखा थांबत नसे.