शालनताई चपातीच्या मागे लागली

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शालनताईला शिंक आली तर ती नाक नाय पुसत, जिना उतरते. कोणाकडे मिरची भाजतायत, आजच का भाजतायत, खिडकी का लावलीय, सगळं विचारून येते. तोवर शिंकून शिंकून नाक लाल. "कोणी केलं ते सोड, कुठून आलं ते बघ," हे तिचं एकच म्हणणं.

आमच्या मांजर्लीत पूर आला तेव्हा आमच्या डब्याच्या धंद्याचं पीठ, शेगड्या, सगळं चिखलात गेलं. आम्ही बायकांनी धुऊन-पुसून परत उभं केलं. आणि गिऱ्हाईक ओरडायला लागलं, चपात्या वातड येतात. लाटायला मंदा. मग दोष मंदाचा. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्यावर. तरी तिला काढायचं ठरलं.

शालनताई मध्ये पडली. एक दिवस थांबा म्हणाली. आणि काय सांगू, सकाळपासून ती चपातीच्या मागे! तव्यावरनं टोपलीत, टोपलीतनं डब्यात. टोपलीसमोर तर स्टूल टाकून बसली. आम्ही हसून बेजार. मी म्हटलं, ताई, चपातीला पाय फुटतायत काय?

"फुटत नायत, तेच बघतेय," ती म्हणाली. "ही कधीची बसलीय. कोणाची वाट बघतेय?"

भाजीची. पुरानंतर भाजीची शेगडी आम्ही वरच्या खोलीत नेलेली. चढ-उतार करून भाजीला उशीर, तोवर खाली चपात्या सुकायच्या. आणि तक्रार आली की आम्ही काय करायचो? घाईत लाटते म्हणून मंदाला अजून लवकर बसवायचो! जेवढी ओरड, तेवढी ती लवकर. जेवढी लवकर, तेवढी चपाती वातड. आमचं औषधच दुखणं वाढवत होतं.

दुसऱ्या दिवशी भाजी आधी, मंदा मागनं. दुपारी तक्रार येते काय म्हणून फोनभोवती सगळ्या बसलो. वाजलाच नाय. फोन वाजला नाय म्हणून टाळ्या पिटणाऱ्या बायका आम्हीच असू.

मी शालनताईला विचारलं, हे वेड तुला लागलं कुठनं?

"अंबरनाथच्या कंपनीत माल खराब निघाला, तर आमच्या ह्यांना काढलं. घरी आले, तर मी पण त्यांनाच विचारलं, काय केलंत तुम्ही? त्यानंतर माझ्याशी धड बोलले नाय. तसेच गेले."

मंदा कोपऱ्यात एकटीच आमच्या जेवणाच्या चपात्या लाटत होती. तिच्याशी बोलायला कोणाला तोंड नव्हतं. शालनताई आमच्या धंद्यात नाय, तिला पगार नाय. तरी उठली, मंदाला खेटून बसली.

"तू लाट," म्हणाली, "मी शेकते."