देवीची तिजोरी आणि चावी-बदल कुलूप

माणसांचा एकमेकांवरचा विश्वास जसजसा वाढतो, तसतशी कुलपं सुधारावी लागतात. होळीजवळच्या एका वाडीत (होळी हे वसईतलं गाव, शिमग्याशी संबंध नाही) देवीचा चांदीचा मुखवटा पूर्वी फडताळात नुसत्या कडीवर असे. तेव्हा लोक एकमेकांना चोर समजत, त्यामुळे प्रत्येकाचं लक्ष असे. पुढे विश्वस्त मंडळ आलं, विश्वास आला आणि तिजोरी घ्यावी लागली.

मंडळाचे चिटणीस सदानंदभाऊ. मुखवटा हातांवर घेऊन पालखीत बसवण्याचा मान वाडीतल्या बारा घरांत फिरतो, म्हणजे एका घराला बारा वर्षांनी. मागच्या खेपेला भाऊ कांजिण्यांनी झोपले होते (वय एकावन्न, कांजिण्यांना वयाची अट नाही). आता त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा पाळी आली होती, पुढची पंचाहत्तरीला. नियम कडक. सूर्यास्ताआधी मुखवटा पालखीत बसला नाही, तर मान पुढच्या घराला. पुढचं घर विद्याधरभाऊंचं. कुंपणाला कुंपण, आणि पस्तीस वर्षं बोलणं फक्त सभेत.

गेल्या पालखीनंतर मंडळाने ठरवलं, की तिजोरीला चावी-बदल लिव्हर कुलूप बसवायचं. या कुलपाची थोरवी अशी, की चावी हरवली किंवा चावी ज्याच्याकडे होती त्याच्यावरचा विश्वास हरवला, तर कुलूप तेच ठेवून नवी चावी जुळवता येते. तुलनेसाठी उपसमिती नेमली गेली. तिने पाच महिन्यांत वालीवच्या कारखान्यांना सतरा फेऱ्या मारल्या (पैकी अकरा जेवणाच्या सुट्टीत). सात लिव्हरच्या कुलपाचा खटका केळीच्या बागेपलीकडे ऐकू जाई. या कारणासाठी तिघांनी ते नाकारलं आणि याच कारणासाठी दोघांनी उचलून धरलं. आठ लिव्हरचं उत्तम होतं, पण चावीच्या वजनाने लेंग्याची नाडी तुटते असा अनुभव आला. अखेर दहा लिव्हरचं पसंत पडलं, कारण त्याचं माहितीपत्रक सर्वांत जाड होतं. ते चार भाषांत होतं. मंडळाने एकाही भाषेवर अन्याय केला नाही. कुठलीच वाचली नाही.

एवढे दिवस मुखवटा लाल फडक्यात भाऊंच्या घरी होता. कुलूप बसलं त्या दिवशी भाऊ अहवाल वाचण्यात गुंतलेले. बोचकं विद्याधर घेऊन जाईल असं ते घरी सांगून आले, आणि विद्याधरला सांगायचं तर सभा भरवावी लागली असती. तिजोरी उघडताना मानकऱ्याखेरीज सर्वांनी माना खाली घालायच्या, ही वाडीची रीत. त्या दिवशी मानकरी नेमलेला नव्हता, म्हणून सर्वांनीच घातल्या. ढोल वाजला, दार बंद झालं. इतिवृत्तात नोंद झाली: ‘मुखवटा एकमताने ठेवण्यात आला.’

त्यानंतर चावी दर महिन्याला एकेकाकडे फिरू लागली. जो घेई तो आधी ती बदलत असे. पत्रकातला पहिलाच नियम होता, दार उघडं ठेवून चावी बदलावी, म्हणजे बदल चुकला तरी दार अडकत नाही. पण दार उघडलं की ढोल आणि गावजेवण आलं, म्हणून बंद दारावरच बदलत. पाच वेळा जमलं. सहावी पाळी विद्याधरभाऊंची.

पालखीच्या दिवशी दुपारी तीनला चावी फिरेना. विद्याधरभाऊंनी मुद्दाम केलं असं कुणी म्हणालं नाही, इतकी सर्वांची खात्री होती. ते स्वतः मावळतीकडे बघत म्हणाले, “देवीची इच्छा. आपण कोण?”

वालीवहून कुलूप बसवणाऱ्या शेल्डनला बोलावलं. त्याने विचारलं, “दार उघडं ठेवूनच बदलली ना?” सगळं मंडळ छत पाहू लागलं. तो ड्रिल काढून बसला.

भाऊंचा सदरा घामाने भिजला. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई ओटीचं ताट घेऊन शेजारी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो, तो तांदळाच्या डब्यात आहे.”

“कोण?”

“मुखवटा. सहा महिने वाट बघतेय, कुणी न्यायलाच येईना.”

“मग सांगायचंस!”

“तुम्ही अहवाल लिहीत होतात. ताटात आणलाय, खणाखाली. आता ओरडू नका.”

पावणेसहाला दार उघडलं. ढोल वाजला, सगळ्या माना खाली गेल्या. भाऊंनी डोळे मिटून तिजोरीत हात घातला आणि ताटातून मुखवटा उचलला. रीत ठाऊक नसलेल्या शेल्डनची मान तेवढी वर होती. त्याने रिकामी तिजोरी पाहिली, भाऊंना पाहिलं, ड्रिल पुसलं.

“काका, कुलूप एक नंबर,” तो म्हणाला. “आत काय पण जाऊ शकलं नाय.”

सूर्य अजून वीतभर वर होता. भाऊंनी मुखवटा पालखीत बसवला आणि रडले. विद्याधरभाऊंनीही हात जोडले. सभा नसल्याने बोलले नाहीत.

तिजोरीला आता बारा लिव्हरचं कुलूप आहे, आणि पालखीनंतर मुखवटा तीत पुन्हा एकमताने ठेवण्यात आला. तो खरं तर तिथे नाही हे भाऊ, सरोजिनीबाई आणि शेल्डन यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. आता तुम्हालाही माहीत झालं. तुम्ही विश्वासाची माणसं, तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही.

डबा मात्र सरोजिनीबाईंनी आज सकाळीच बदलला.