लंडनात मटण कुठं चांगलं मिळतं

परगावी गेल्यावर चांगलं जेवण कुठं मिळतं, हे ओळखण्यात माझा हात धरील असा माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या कचेरीतले लोक म्हणतात. म्हणजे मीच त्यांना सांगितलं आणि त्यांनी नाही म्हटलं नाही. भिगवण स्टेशनावर कोणाच्या टोपलीतली भजी आजची आणि कोणाच्या टोपलीतली कालची, हे मी गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून सांगतो. युक्ती सोपी आहे. पाटी वाचायची नाही. आचाऱ्याचं पोट बघायचं नाही. जेवून बाहेर पडणाऱ्याचं तोंड बघायचं. तोंडावर सगळं लिहिलेलं असतं!

तर छप्पन साली आमच्या मेंढीसुधार कचेरीतर्फे लंडनच्या मेंढ्यांच्या प्रदर्शनाला एक जाणता मेंढपाळ आणि त्याच्यासोबत एक इंग्रजी जाणणारा कारकून पाठवायचं ठरलं. मेंढपाळ म्हणून इंदापूरकडच्या कळसचे बिरू आबा निघाले. कळप पुढून गेला की नुसत्या खुरांच्या आवाजावरून लंगडं मेंढरू कोणतं ते सांगणारा माणूस. मटणाचा तुकडा तोंडात टाकला की जनावराचं वय, चारा आणि स्वभावसुद्धा सांगायचे. इंग्रजी जाणणारा म्हणून मी निघालो, कारण कचेरीत पहिल्या झटक्यात मॅट्रिक झालेला मी एकटाच.

निघताना आबांच्या कारभारीण साखरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुंडलिकराव, ह्यांच्या पोटात गाय जाऊ द्यायची न्हाय. आन् ह्यांला उपाशी बी ठिवायचं न्हाय. दोन्हीतलं एक जरी झालं, तर परत कळसात पाऊल टाकू नगा."

"साखरबाई, लंडनातलं एक नंबर मटण आबांच्या ताटात पडलं न्हाय तर नाव बदलीन!"

"नाव ठिवा. ह्यांला जेवू घाला."

मग त्यांनी एक घोंगडी आबांच्या खांद्यावर टाकली. काळीभोर, लाल काठाची, सूत त्यांनी स्वतः कातलेलं. प्रदर्शनाच्या अध्यक्षांना सरकारतर्फे भेट द्यायची होती ती. आबांनी मुंबईपासून लंडनपर्यंत ती खांद्यावरून उतरवली नाही. बोटीवरच्या कपाटावर त्यांचा विश्वास नव्हता.

बोटीवर आचारी गोव्याचा होता, त्यामुळं प्रवासभर चिंता नव्हती. चिंता लंडनात सुरू झाली. आमच्या मुक्कामाच्या घरी सकाळची न्याहारी तेवढी मिळायची. न्याहारी म्हणजे पातळ खीर. तिच्यात गूळ घालायचा राहून गेला होता, मीठ घालायचं राहून गेलं होतं आणि बहुतेक शिजवायचंही. आबांनी दोन घास घेतले, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "ह्यांच्यात कोन आजारी हाय काय?"

"आबा, ही नुसती न्याहारी. दुपारचं माझ्यावर सोडा!"

दुपारी मी त्यांना एका झगमगीत हॉटेलात नेलं. पाटीवरची सगळी नावं फ्रेंच भाषेत होती. हे मी आबांना सांगितलं नाही. गाय कोणत्या ओळीत आहे हे कळेना, म्हणून जी ओळ सगळ्यात लांब होती तिच्यावर बोट ठेवलं. एवढ्या अक्षरांत गाय कशी असेल? गाय छोटा शब्द आहे.

आधी आला बटाट्याचा रस्सा, थंडगार. आबांनी वाटीला बाहेरून हात लावून बघितला. "चूल इझली काय रं ह्यांची?"

"इथं थंडच देतात, आबा."

त्यानंतर एक मोठं हिरवं फूल आलं. फूलच! काटेरी, पाकळ्यांवर पाकळ्या. आबांनी ते उचलून उलटंपालटं केलं. "हे आपल्याकडं बी हाय. शेळी खाती. मेंढरू तोंड लावत न्हाय."

मग त्यांनी माझ्या पिशवीतून माझ्या बायकोनं, सारजानं, दिलेली लसणाच्या चटणीची बरणी काढली आणि दोन मुठी चटणी रश्शात घालून चमच्यानं घुसळली. भुकटी उडाली. शेजारच्या टेबलावरच्या बाई शिंकल्या. मग त्यांचे यजमान शिंकले. मग वाढपी शिंकला, आणि त्याच्या हातात ताटल्या होत्या. पाचव्या मिनिटाला मॅनेजर माझी टोपी घेऊन अदबीनं उभा राहिला.

रस्त्यावर आल्यावर आबा माझ्यापासून दहा पावलं मागं चालू लागले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चहाच्या दुकानात नेलं, तिथं काकडीच्या चकत्या घातलेला पाव मिळाला. आबांनी पाव उघडला, काकडी बघितली, पाव मिटला. संध्याकाळी ते खाटेवर बसून म्हणाले, "कुंडलिका, दुष्काळात बी मी हितक्या दिवसांत चार घास तरी खाल्लं व्हतं."

मला साखरबाई दिसू लागल्या. कळसची वेस दिसू लागली, आणि वेशीत त्या!

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका साध्यासुध्या गल्लीतून चाललो होतो. चाललो म्हणजे मी पुढं आणि आबा मागं, पंचवीस पावलांवर. एकदम ते थांबले. नाक वर केलं.

"मेंढा," ते म्हणाले. "चुलीवर हाय. न्हाय, उतरला. आत्ताच उतरला."

समोर एक घर होतं. दार सताड उघडं. काळ्या कोटातला एक गृहस्थ दारात उभा. लोक आत जात होते, लोक बाहेर येत होते. मी माझी युक्ती काढली. बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघितली.

बाहेर येणारा प्रत्येक माणूस रुमालानं डोळे पुसत होता! एक बाई तर नाकसुद्धा पुसत होत्या. एका दांडग्या गड्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तो हुंदके दिल्यासारखा श्वास घेत होता.

"आबा!" मी ओरडलो. "तिखट हाय!"

"पाटी न्हाय ती?"

"मोठ्या हॉटेलांना पाटी लागत न्हाय. ज्याला ठाऊक असतं तो येतो."

दारातला गृहस्थ आमच्याकडं बघून किंचित चपापला, पण लगेच त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही आलात, फार बरं वाटलं," तो हळू आवाजात म्हणाला. बघा! परवाच्या हॉटेलात टोपी हातात दिली होती. ह्याला म्हणतात अदबशीर जागा.

आत सगळे कुजबुजत बोलत होते. उंची हॉटेलांत कुजबुजतात, हे मला ऐकून ठाऊक होतं. कोपऱ्यात टेबलावर, खाटकाचा सुरा हातात घेतलेल्या एका गुबगुबीत माणसाचा फोटो, पुढं फुलं. संस्थापक! आपल्याकडं गल्ल्यावर असतो तसाच. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलंसुद्धा नाही, आमच्या हातांत भरलेल्या ताटल्या दिल्या. भाजलेलं मटण, वाफाळतं. तिखटाचा मात्र पत्ता नव्हता, पण आबांनी पहिला तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"खच्ची मेंढा," आबा म्हणाले. "चार वर्सांचा. डोंगरातल्या गवतावरचा. आन् कापनाऱ्यानं घाई केल्याली न्हाय." त्यांनी डोळे उघडले. "कुंडलिका, आज तू मानसात आलास."

तीन ताटल्या खाल्ल्या त्यांनी. मीही दोन. कोणी मागून वाढत होतं, कोणी चहा देत होतं. माझी छाती भरून आली. आता ऐटीत पैसे द्यायचे आणि निघायचं. मी फोटोजवळ बसलेल्या मालकीणबाईंकडं वळलो, बोट वर केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणालो, "बिल!"

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचे ओठ थरथरले.

मला वाटलं, माझा उच्चार समजला नाही. जरा मोठ्यानं म्हणालो, "बिल, प्लीज!"

बाईंनी तोंडाला पदर... पदर नव्हता, रुमाल लावला आणि त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या.

"बिल कुठं आहे?" मी आता जरा घाबरून विचारलं.

दारातला काळ्या कोटाचा गृहस्थ माझ्याजवळ आला. त्याचेही डोळे भरले होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "आम्हीही सकाळपासून स्वतःला हेच विचारतोय. बिल आता देवाघरी आहे."

मी फोटोकडं बघितलं. फुलांकडं बघितलं. सगळ्यांच्या काळ्या कपड्यांकडं बघितलं.

"काय झालं रं?" आबांनी विचारलं.

"आबा, हे हाटेल न्हाय," मी ओठ न हलवता म्हणालो. "हितं मयत झालंय. ह्या बाईचा मालक गेलाय. बिल नावाचा. खाटीक व्हता. हळूच उठा, दाराकडं चला."

आबा उठले, पण दाराकडं गेले नाहीत. हात धुवायला पाणी मागितलं, हात धुतले, आणि थेट त्या फोटोसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. दोन्ही हात जोडले.

"त्या माऊलीला सांग," ते म्हणाले. "म्हनावं, आमी वळखीचं न्हाय. भुकेनं आलो, चुकून आलो. पर तुज्या धन्याच्या हातचं खाल्लं. जनावर निवडावं कसं आन् कापावं कसं, हे त्याला ठाव व्हतं. जो मेंढराला घाई करत न्हाय, तो मानूस वाईट नसतो."

माझं मॅट्रिकचं इंग्रजी तेवढ्यापुरतं पुरलं. बाई रडायच्या थांबल्या. मेंढ्याचं वय चार वर्षं हे मी सांगितलं, तेव्हा काळ्या कोटाचा गृहस्थ, म्हणजे बिलचा भाऊ, खुर्चीत मटकन बसला. तो मेंढा बिलनंच गेल्या आठवड्यात निवडला होता. डोंगराळ मुलखातून आणवला होता. चारच वर्षांचा होता. त्यानं निवडलेलं आणि कापलेलं ते शेवटचं जनावर.

हे मी आबांना सांगितलं आणि आबांना रडू फुटलं. आता आपल्याकडचं रडणं म्हणजे रुमालातलं नव्हे! कळसातून इंदापुरात ऐकू जाईल असा त्यांनी हंबरडा फोडला. सकाळपासून ओठ घट्ट मिटून बसलेली ती मंडळी क्षणभर दचकली, आणि मग धरणाचं दार उघडावं तशी सुटली. भाऊ रडला, म्हातारी रडली, तो लालबुंद गडी परत आत येऊन रडला. शेवटी दारात पोलीस आला. काय झालं म्हणून विचारून तोही टोपी काढून बसला. त्याला एक ताटली मिळाली.

निघताना आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली.

"आबा!" मी त्यांचं मनगट धरलं. "ती अध्यक्षांची! सरकारी हाय!"

"दुखवट्याला रिकाम्या हातानं जात न्हाईत," आबा म्हणाले. "आन् मयताच्या घरी सरकार नसतं."

घोंगडी त्यांनी बाईंच्या खांद्यावर घातली. काळी असल्यामुळं ती प्रसंगाला शोभलीसुद्धा. बाईंनी ती दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरली आणि आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या अध्यक्षांना मी सरकारतर्फे लसणाच्या चटणीची अर्धी बरणी भेट दिली. त्यांनी ती मेंढ्यांच्या खरजेवरचं औषध समजून सगळ्यांना उंच धरून दाखवली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

साखरबाईंना आबांनी घरी गेल्यावर एवढंच सांगितलं, "जेवान ब्येस." माझं कळसात जाणं-येणं सुरू राहिलं.

राहता राहिला रिपोर्ट. कचेरीच्या छापील नमुन्यात शेवटचा एक रकाना होता, 'पुढील प्रवाशांच्या सोयीसाठी उत्तम भोजनाचे ठिकाण'. परक्याच्या मयताला जाऊन पाच ताटल्या खाल्ल्या, असं सरकारी कागदावर लिहायचं कसं? मी नुसता त्या घराचा पत्ता लिहिला आणि पुढं 'मटण अप्रतिम, वागणूक घरच्यासारखी' एवढंच घातलं. म्हटलं, वाचतंय कोण?

पुढच्या साली पुण्याचे आमचे मोठे साहेब स्वतः लंडनला गेले. परत आले आणि तडक बारामतीच्या कचेरीत माझ्या टेबलासमोर उभे राहिले. त्यांच्या हातात माझा रिपोर्ट होता.

"जेवलो तुझ्या त्या ठिकाणी," साहेब म्हणाले. "हिंदुस्थानातून आलो म्हणताच काळी घोंगडी पांघरलेल्या बाईंनी हात धरून आत नेलं. असं मटण मी जन्मात खाल्लं नाही."

"होय साहेब," मी म्हणालो.

"पण वाढायच्या आधी जमिनीवर, फोटोसमोर बसून मोठ्यानं रडावं लागतं, हे लिहायला काय झालं होतं तुला?"

मी मान खाली घातली. "साहेब," मी म्हणालो, "रकाना लहान होता."