खराब रॅमचे पैसे मागावयास गेलेल्या रावांची हकीकत

श्री. खरें लिहिण्याचें बळ देणारा समर्थ. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासीं, ऐन लग्नसराईंत, एका राज्यीं, ज्याचें नांव लिहावयाची लाज वाटते म्हणोन लिहीत नाहीं, ऐसें वर्तमान जालें कीं, पल्लवीबाई खोपडे घरीं संगणकावर लग्नपत्रिका करीत असत, आणि त्यांचे यजमान हणमंतराव यांणीं चंद्रसेनशेठ यांचे दुकानींहून नवी रॅम, म्हणजे संगणकाची स्मृतिपट्टी, आणिली, आणि ती बसवितांच पडदा निळा होऊन अर्धी जालेली पत्रिका बुडाली. मग शेठजींनीं बदली दिली, तीही तैशीच निघाली. मग बाईंनीं ग्राहक दरबारीं तक्रार गुदरली, आणि पावती रावांचे नांवें म्हणोन तक्रारही रावांचे नांवें. तेव्हां शेठजी घाबरले आणि रावांस बोलावणें धाडिलें. बाई बोलल्या, "भिंतीवर 'विकलेला माल परत नाही' लिहिलंय, ते दाखवतील. कायद्यापुढं त्या पाटीला काडीची किंमत नाही. तिसरी पट्टी घेऊ नका, पैसेच आणा. कामं अडकलीत माझी." राव "आणतो की" म्हणोन मोठ्या आवेशें स्कूटरवर स्वार जाले.

शेठजींनीं पाटी दाखविलीच नाहीं. जवळ बसविलें आणि पुसिलें, "गाव कोणतं राव?" "बोरसावळी." "अहो, आमची आत्या तिकडंच दिलीय. घरचीच माणसं की तुम्ही. घरच्या माणसानं दरबारात जायचं व्हय?" आणि चहा आला, मग भजीं आलीं, आणि रावांस ऐसी भीड पडली कीं पैशांचें नांवही काढिलें नाहीं. "तसं काही नाही हो, बाईमाणूस, उगाच घाई करते," ऐसें वदोन सारें बायकोवर ढकलोन मोकळे जाले, आणि तिसरी पट्टी खिशांत घालोन शेठजींदेखत मोबाइलवर तक्रार मागें घेतली. शेठजी पायरीपर्यंत पोंचवावयास आले. सन्मान थोर जाला.

घरीं पट्टी बसविली. पडदा निळा. बाईंनीं पुसिलें, "आणि तक्रार?" राव खालीं पाहों लागले. "त्यांची आत्या आपल्याकडची निघाली." बाई म्हणाल्या, "तुम्हाला त्यांच्यापुढं लाज वाटली. आता मी नवरीच्या बापापुढं काय सांगू?" मग बाईंनीं फोन उचलोन एकेकास "पत्रिका दुसरीकडून करून घ्या, चूक माझीच" ऐसें सांगितलें, आणि राव ऐकत बसले.

एकंदर ऐसें कीं, राज्यांत कायदा होता, पावती होती, दरबारही उघडा होता. लुटणारे कोण्या राज्यीं नसतात? परंतु लुटारूस "उगाच तसदी दिली" म्हणोन हात जोडणारी रयत आम्हीच. हें लिहितांना मान वर होत नाहीं. इति.