घरच्या माणसाचं छप्पर

हिमानीनं छप्पर तपासणाऱ्या माणसाची अपॉइंटमेंट पुन्हा घेतली आणि ऋषीनं ती पुन्हा कॅन्सल केली.

"काकांचं घर आहे यार," तो म्हणाला. "त्यांच्या डोक्यावर इन्स्पेक्टर चढवायचा? त्यांना काय वाटेल?"

"छप्पर गळलं तर मला काय वाटेल, ते विचार ना!"

मनोहरकाका ऋषीचे सख्खे काका नव्हते. ऋषी नागपूरहून अमेरिकेत शॉमबर्गला नोकरीला आला, तेव्हा पहिला हिवाळाभर त्यांनी त्याला बेसमेंटमध्ये ठेवून घेतलं होतं आणि शोभनाकाकूंनी गरम पोळ्या वाढल्या होत्या. आता दोघं कायमचे पुण्याला चालले होते आणि घर ऋषीला विकत होते. सोमवारी सह्या. ऋषी-हिमानीची आजवरची सगळी बचत त्यात जाणार होती. मागे ऋषीनं चाचरत इन्स्पेक्शनचा विषय काढला, तर काका एवढंच म्हणाले, "घरच्या माणसावर विश्वास नाही?" झालं! ऋषीनं विषयच गुंडाळला. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघणारी आपली माणसं घर घेताना मान वर करून छप्परसुद्धा बघत नाहीत, आणि वर या भित्रेपणाला संस्कार म्हणतात.

शनिवारी सकाळी काकांनी निरोपाचा होम ठेवला. "या घरानं आम्हाला सांभाळलं. त्याचे आभार नको मानायला?" गुरुजी मिळाले नाहीत म्हणून मंत्र फोनवर लावले आणि धुराचे अलार्म कोकलू नयेत म्हणून त्यांच्या बॅटऱ्या काढल्या. समिधा ओल्या निघाल्या. पाच मिनिटांत हॉलमध्ये कोणाला कोणी दिसेना.

"खिडक्या उघडा हो," काकू खोकत म्हणाल्या.

"वाऱ्यानं अग्नी विझेल. ऋषी, शिडी लाव आणि अ‍ॅटिकचं झाकण उघड. धूर जाऊ दे माळ्यावर."

ऋषीनं झाकण उघडलं. धूर शहाण्यासारखा वर गेला, हॉल स्वच्छ झाला. काका खूश होऊन तुपाची धार सोडू लागले.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. समोरच्या घरातल्या बाई होत्या. "बाहेर या सगळे! घर पेटलंय! मी फायर ब्रिगेडला फोन केलाय!"

सगळे लॉनवर धावले. हिमानीनं वर बघितलं आणि बघतच राहिली. छपराला हवेसाठी झरोके असतात, हे तिला ठाऊक होतं. पण धूर चिमणीच्या बुडातून येत होता, कडेकडेनं येत होता, मधूनच कुठूनही येत होता. गॅसवर इडलीपात्र ठेवावं तसं सगळं घर वाफाळत होतं.

बंब आला. एका जवानानं आत जाऊन होम विझवला, दुसरा छपरावर चढला. चार पावलं टाकली आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. माळ्यावर काहीतरी धाडकन उलटलं.

"अगोबाई, माझी बादली!" काकू ओरडल्या.

हिमानी हळूच वळली. "कसली बादली, काकू?"

"पावसात ठेवायची गं. दर वर्षी थोडी सरकवावी लागते, एवढंच. नवीन आणून ठेवलीय मी तुझ्यासाठी."

"गळत नाही ते," काका घाईघाईनं म्हणाले. "पाझरतं."

जवान पाय सोडवून खाली उतरला. "घर कोणाचं आहे?"

काकांनी ऋषीकडे बोट दाखवलं. "सोमवारपासून ह्याचं."

ऋषीची मान सवयीनं डोलायला लागली होती. ती मध्येच थांबली. त्यानं धुराकडे पाहिलं, मग काकांकडे.

"आज तुमचं आहे, काका," तो म्हणाला. "आणि वरचं सगळं नवीन घातल्याशिवाय सोमवारीही तुमचंच राहील. तुमच्या पोळ्या मी विसरलो नाही. पण पोळ्या पोळ्यांच्या जागी."

हिमानीला तो लग्नातसुद्धा इतका देखणा दिसला नव्हता.

काका लाल झाले. पायरीवर बसून बराच वेळ वर बघत राहिले. तोवर काकूंनी जवानांना प्रसादाचा शिरा दिला, त्यांनी तो मागून मागून खाल्ला, समोरच्या बाईंनी तर डब्यातून नेला.

"बोलव तुझ्या त्या माणसाला," शेवटी काका हिमानीला म्हणाले. "जे निघेल ते मी करून देतो."

आणि एकदम काहीतरी आठवून त्यांनी पुण्याला फोन लावला. तिथला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट ते आपल्या साडूकडूनच घेत होते.

"विक्रमराव, मी काय म्हणतो, व्यवहाराआधी गच्चीवर एक माणूस पाठवून बघून घेऊ... नाही हो, तसं नाही... अहो, ऐका तर..."

पलीकडून इतका आरडाओरडा झाला की काकांनी फोन कानापासून लांब धरला. मग फोनच बंद झाला.

"काय झालं?" ऋषीनं विचारलं.

"भडकला. म्हणतो, घरच्या माणसावर विश्वास नाही?"

"मग?"

"मग काय," काका शिऱ्याची वाटी ओढत म्हणाले, "गळतंय. नक्की गळतंय."