हरिभाऊ आणि उजवा कोपरा

हरिभाऊ म्हात्रे माणसाच्या चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी बघतात. आधी टाच, मग घोटा, मग गुडघा असं खालून वर येत ते चेहऱ्यापर्यंत पोहोचतात. बऱ्याचदा पोहोचतच नाहीत. नवीन पनवेलच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी मिक्सरचं खोकं घेऊन जिना चढत होतो आणि लेंगा-बंडीतले एक गृहस्थ माझ्या पायांकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, चुकून त्यांच्याच चपला घातल्या की काय!

"चपला काढा जरा," ते म्हणाले.

मी काढल्या. नवीन जागेत पहिल्याच दिवशी शेजाऱ्याशी वाद नको.

"आता चढा."

मी खोक्यासकट एक मजला चढून दाखवला. त्यांनी मान हलवली आणि निकाल दिला, "ओरडा खानारे."

माझी बायको वरच्या पायरीवर उभी होती. ती इतकी हसली की हातातला कुकर खाली ठेवावा लागला. पुढे मला कळलं की हा अपमान नव्हता, नेमणूक होती. हरिभाऊंच्या मते सात चांगले खेळाडू गोळा केले म्हणून कबड्डीचा संघ होत नाही. "दोन आरडाओरडा करनारे लागतात, दोन गप्प, एक येडा, एक मोजून मापून खेलनारा, आनि एक सगल्यांच्या वाटचा ओरडा खानारा. तो नसला ना साहेब, तर बाकीचे एकमेकांना खातात." मी सरकारी कचेरीत एकवीस वर्षं नेमकं हेच काम करत होतो. हे त्यांनी टाचेवरून ओळखलं, हे मात्र मान्य करायला हवं.

हरिभाऊंचं गाव चिरनेरच्या बाजूला. नोकरी उरणकडच्या बंदरात झाली आणि निवृत्तीनंतर मुलाने घेतलेल्या या फ्लॅटमध्ये ते आणि वहिनी राहायला आले. मुलगा परदेशात. गावच्या कबड्डी मंडळाचा संघ मात्र तीस वर्षं हरिभाऊच निवडत आले होते. शिकवायचं काम दुसऱ्याचं, निवडायचं यांचं. "बाकी सगलं शिकवता येतं, टाच शिकवता येत नाय," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की एकदा साहेबांसमोर बदलीच्या अर्जावर बोलताना ते माझ्याच तोंडून निघणार होतं.

संघ ते लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहितात. आमच्या सोसायटीचाही एक संघ त्यांनी लिहून ठेवलाय. सेक्रेटरी चढाईला, कारण "बोनस रेषेला पाय लावून परत येतो, कोनाला हात लावत नाय." वॉचमन राखीव, कारण "अख्खा संघ बाद होऊन लोन चढला तरी उठनार नाय." चेअरमनसाहेबांना संघात जागाच नाही. त्यांना ही पत्रिका कुणीतरी दाखवली. तेव्हापासून हरिभाऊंच्या घरातल्या पाण्याच्या गळतीची तक्रार पुढे सरकलेली नाही.

माझ्या भाचीच्या लग्नाची बोलणी आमच्याच घरी झाली, तेव्हा हरिभाऊ न बोलावता आले आणि पोह्यांची बशी घेऊन मुलाच्या समोर बसले. मुलगा चांगला शिकलेला, कंपनीत वरच्या जागेवर. सगळे त्याला पगार, घर, आवडीनिवडी विचारत होते. हरिभाऊंनी आपला चमचा मुद्दाम खाली टाकला. मुलगा चटकन वाकला, चमचा उचलला, पुसून त्यांच्या हातात दिला. "कमरेत नाय वाकला, गुडघ्यात वाकला. द्या पोरगी," हरिभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले. मुलाच्या वडिलांना काय वाटलं असेल ते असो, पण लग्न झालं आणि भाची सुखात आहे. त्याचं श्रेय हरिभाऊ आजही त्या चमच्याला देतात.

खरी निवड मात्र ते करंजाच्या बंदरावर करायचे. मासळीच्या होड्या धक्क्याला लागायच्या वेळी हे जाऊन उभे राहत. लिलावातल्या बायका आधी त्यांना गिऱ्हाईक समजायच्या, मग पोलिसांचा माणूस, शेवटी वेडा समजून त्यांनी नाद सोडला. होडीतून ओल्या फळीवर उडी मारताना जो खाली बघत नाही तो हरिभाऊंचा. तिथेच त्यांना नितेश आणि रोशन सापडले. विशीतले दोघे, एकाच होडीवर कामाला. नितेश होडीतून टोपली फेकायचा आणि रोशन पाठमोरा असला तरी ती झेलायचा. हरिभाऊंनी दोघांना मैदानावर आणलं. नितेश उजव्या कोपऱ्यात, त्याचा हात धरून शेजारी रोशन. नितेशने चढाई करणाऱ्याचा घोटा धरायचा आणि त्याच क्षणी रोशनने अंगावर जायचं. तीन वर्षांत त्या कोपऱ्यातून सुटून गेलेला माणूस शोधावा लागला असता.

इथे हरिभाऊंचं दुसरं तत्त्व यायचं. कोपरा एकटा नसतो, कोपरा म्हणजे जोडी. आणि मग ठरलेली गोष्ट. तरुणपणी हरिभाऊ आणि धर्मा पाटील अशीच जोडी होती. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने आपल्या संघासाठी, नोकरीसकट, हरिभाऊंना बोलावलं. "मी बोललो, धर्मा नाय तर मी पन नाय. साहेब हात जोडून उभा होता." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की साहेबाच्या टायचा रंग मला पाठ होता. दर वेळी तो वेगळा असायचा, एवढंच.

मग कबड्डी टीव्हीवर आली आणि हरिभाऊंचा भाव एकदम वधारला. रंगीत मॅट, दिवे, संगीत. हरिभाऊ टीव्हीच्या इतक्या जवळ बसायचे की वहिनी म्हणायच्या, "आत शिरा आता, जेवायला बाहेर या." त्यांची एकच तक्रार होती. मॅटवर खेळाडू बूट घालतात. "बूट घातले म्हणजे बुरखाच झाला. आता मी बघू काय?"

अशात एका व्यावसायिक संघाचा माणूस त्यांना शोधत आला. मोहित नावाचा, तिशीचा, लॅपटॉपवाला. आजूबाजूच्या गावांतून एक खेळाडू निवडायचा होता आणि सगळीकडून त्याला हरिभाऊंचंच नाव कळलं होतं. मी मुद्दाम रजा काढून त्या बैठकीला बसलो. मोहितने पडद्यावर आकडे दाखवले, यशस्वी पकडींची टक्केवारी दाखवली. हरिभाऊंनी ते शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात टाच कुठं हाय?"

तरी दोघांचं जमलं. हरिभाऊंनी नितेश-रोशनची जोडी सांगितली. मोहितने मैदानावर जाऊन खेळ पाहिला, भारावला आणि म्हणाला, "सर, आम्हाला फक्त राइट कॉर्नर पाहिजे. नितेश फायनल. बाजूचा प्लेयर आहे आमच्याकडे, हरयाणाचा."

"मंग त्या हरयाणावाल्याचा कोपरा कुठं गेला?"

"तो दुसऱ्या टीमने घेतला, सर."

हरिभाऊंनी विचारलं, "म्हनजे त्यांची पन जोडी फोडली?"

मोहितला प्रश्न समजला नाही. तो समजावत राहिला की प्रत्येक जागेसाठी वेगळा शोध असतो, ठरावीकच जागा असतात, त्यात भावना आणून चालत नाही. हरिभाऊ म्हणाले, "चप्पल एका पायाची इकत मिलते का?" मोहित हसला आणि रविवारपर्यंत नितेशचा होकार कळवायला सांगून गेला.

नितेशने होकार दिला नाही. "जायचं तर दोघं," असा निरोप त्याने करंजाहून धाडला. हे ऐकून हरिभाऊ खूश होतील, पेढे वाटतील असं मला वाटलं होतं. अख्खं आयुष्य ते हेच सांगत आले होते! पण तीन दिवस त्यांनी कुणाच्या पायाकडे पाहिलं नाही. जिन्यात मला चक्क चेहऱ्याकडे बघून नमस्कार केला, तेव्हा मी घाबरलोच. शनिवारी सकाळी ते म्हणाले, "साहेब, स्कूटर काढा. करंजाला जायचंय."

होडी नुकतीच लागली होती. नितेश-रोशन टोपल्या उतरवत होते. हरिभाऊंनी सरळ सांगितलं, "नितेश, उद्या हो बोलायचं आनि जायचं. एकट्यानं."

नितेश उसळला. "तुमी सांगता? तुमी? तुमीच बोलता ना, जोडी फोडायची नाय? तुमी गेलात का धर्मादादाला सोडून?"

आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. हरिभाऊंनी लेंगा वर धरला होता, पायाखाली मासळीचं पाणी होतं. मी मनात म्हटलं, आता कंपनीचा साहेब येणार, त्याचा टाय येणार.

"मला कोनी बोलावलंच नवतं," हरिभाऊ म्हणाले. "ती गोष्ट खोटी हाय. कंपनीनं धर्माला बोलावलं. साहेबानं माझं नाव पन इचारलं नाय. धर्मा तुझ्यासारखाच बोलला, दोघं जाऊ नायतर कोनी नाय. मी त्याला सांगितलं, जा. त्याला नोकरी लागली, पोरं शिकली, चांगलं झालं. मी सांगितलं नसतं तर आज तो पन जिन्यात उभा राहून लोकांच्या टाचा बघत बसला असता."

मला त्या क्षणी त्यांच्याकडे बघवेना. चाळीस वर्षं मिरवलेली एकुलती एक बढाई माणसाने भर धक्क्यावर, स्वतःच्या हाताने मोडली होती. शेवटी रोशन पुढे झाला. नितेशच्या हातातली टोपली त्याने स्वतःकडे घेतली आणि म्हणाला, "जा रे. बापाची शपथ, मी काय रुसनार नाय."

नितेश गेला. त्याची निवड झाली आणि सराव शिबिरासाठी संघाबरोबर तो लांब कुठेतरी निघून गेला. हरिभाऊंनी सोसायटीत पेढे वाटले, चेअरमनना सुद्धा.

रोशनचं काय, असं मी दोन-तीनदा विचारलं. ते उत्तर टाळायचे. मग एकदा ते घरात नसताना वहिनींनीच सांगितलं, "धर्माभावजी मुंबईला गेले तवा हे दोन वरसं मैदानात गेले नाय. पोरं बोलवायला यायची, हे परसात जाऊन लपायचे. माझं नवीन लगीन झालेलं. मला वाटायचं, मी आवडले नाय यांना. एक दिस इचारलं, तर बोलले, हात धरायला कोन नाय."

"आणि आता कुठे गेलेत?"

"पंधरा दिस झाले, रोज चारला चिरनेरची गाडी धरतात. इचारलं तर बोलतात, पंचायतीत काम हाय. पंचायतीला अर्धी चड्डी कशाला लागते, सांगा मला."

मी स्कूटर काढली. गावाबाहेर भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात मैदान आखलेलं होतं. उन्हं उतरली होती, पोरांचा सराव चालू होता. उजव्या कोपऱ्यात हरिभाऊ उभे होते. वय चौसष्ट, अर्धी चड्डी, बनियन, एका गुडघ्याला क्रेप बँडेज. त्यांचा डावा हात रोशनच्या हातात होता.

चढाई करणारा आत आला. हरिभाऊ त्याच्या घोट्यावर झेपावले आणि घोटा केव्हाच पुढे निघून गेला. ते मातीत उताणे पडले. सगळी पोरं हसली. मला बघून हरिभाऊही पडल्या पडल्या हसले.

"हरिभाऊ, या वयात हे काय मांडलंय?" मी ओरडलो.

"नवीन कोपरा मिलेपर्यंत," ते धापा टाकत म्हणाले. "ह्याचा हात रिकामा राहिला तर हा उद्या यायचा नाय."

रोशन मात्र हसत नव्हता. हरिभाऊ पडले तरी त्याने धरलेला हात सोडला नव्हता. त्याच हाताने त्याने त्यांना हलकेच उभं केलं, पाठीवरची माती झटकली आणि पुन्हा त्यांचा हात हातात घेऊन मधल्या रेषेकडे बघत उभा राहिला.